फुकटच्या पिझ्झाचा हिशेब

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात कोणी आयटीत आहे किंवा जाणार आहे त्यांनी वेळ काढून वाचावी. बाकीच्यांनी सोडून दिली तरी राग नाही.

गेल्या रविवारी भाची घरी आली, पेढे घेऊन. हिंजवडीतल्या एका मोठ्या, संथ, कंटाळवाण्या कंपनीत तिला तीन वर्षं झाली. आता बाणेरच्या एका कंपनीने तिला चौदा लाखांची ऑफर दिली आहे. ही कंपनी चार वर्षांपूर्वी चाळीस माणसांची होती, आज साडेचारशेची आहे, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत हजाराची होणार म्हणे. "मामा, ऑफिस तर बघ," म्हणत तिने मोबाइल पुढे केला. बीनबॅग, टेबल टेनिस, भिंतीवर निऑनच्या दिव्यांत लिहिलेलं घोषवाक्य, चोवीस तास उघडी पॅन्ट्री, घरी सोडायला कॅब, अमर्याद रजा, आणि शुक्रवारी आपला कुत्रा घेऊन यायला परवानगी. आमच्या ताईने फोटो बघितले आणि मला म्हणाली, "तुझ्या वेळी होतं का रे असं काही?"

होतं की. तेच सांगायचंय.

२०१५ साली मी अशाच एका कंपनीत टीम लीड म्हणून रुजू झालो. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, अशा कंपन्यांची नावं तेवढी बदलतात. मी गेलो तेव्हा आम्ही ऐंशी जण होतो, दोन वर्षांत सहाशेच्या घरात गेलो. दर सोमवारी नवीन चेहरे. दर तिमाहीला नवीन मजला. नाश्ता फुकट, दुपारचं जेवण फुकट, रात्री आठनंतर थांबलात तर रात्रीचंही फुकट. या शेवटच्या वाक्याकडे मी तेव्हा नीट बघितलं नाही. 'आठनंतर थांबलात तर.' पोहे, मिसळ, संध्याकाळी भेळ. आणि रिलीजच्या आठवड्यात पिझ्झा. रात्री साडेअकराला डबे यायचे, आमचे व्हाइस प्रेसिडेंट स्वतः डबे वाटायचे आणि त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी लिंक्डइनवर. खाली मी स्वतः लिहिलेलं आहे, 'अशा टीमचा भाग असल्याचा अभिमान.' अजून असेल तिथे, मी काढलेलं नाही.

एकदा हा पिझ्झा मला भोसरीत महागात पडला. माझा शाळेतला मित्र तिथे एका प्रेस शॉपमध्ये आहे. पगार माझ्या निम्म्याहून कमी. आम्ही बसलो होतो आणि मी फुशारकीने सांगत होतो की या आठवड्यात चार रात्री थांबलो, पण कंपनीने पिझ्झा काय, आइस्क्रीम काय, नुसती चंगळ. त्याने शांतपणे विचारलं, "ओव्हरटाइम किती निघाला?" मी म्हटलं, आमच्यात तसं नसतं. तो म्हणाला, "नसतं म्हणजे? थांबलास ना?" मी म्हटलं, अरे आम्ही इंजिनिअर, आमचं काम तासांत मोजत नाहीत. त्यावर तो हसला, आणि खिशातून स्वतःची पगाराची स्लिप काढून दाखवली. ओव्हरटाइम सोळा तास, दर दुप्पट, रक्कम अमुक. "साहेब, आम्हाला पिझ्झा नाही मिळत," म्हणाला.

घरी आल्यावर मी हिशेब केला. तुम्हीही करा. समजा पगार महिना साठ हजार. सव्वीस दिवसांनी भागला तर दिवसाचे तेवीसशे. नऊ तासांनी भागला तर तासाचे अडीचशेच्या वर. दुप्पट दराने पाचशेच्या वर. चार रात्री चार-चार तास म्हणजे सोळा तास, म्हणजे आठ हजारांहून जास्त. पिझ्झाचे माझ्या वाट्याला आलेले तीन तुकडे धरा दोनशे रुपये, आइस्क्रीम पन्नास. वीस जणांची टीम. एका आठवड्यात कंपनीचे दीड लाख वाचले, वर फोटो निघाला आणि आम्ही खाली टाळ्या वाजवल्या.

आणि दुप्पट दर हा काही फक्त भोसरीच्या कारखान्यांसाठी नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम २०१७ म्हणून एक कायदा आहे. नावात दुकानं असली तरी बाणेर-खराडी-हिंजवडीच्या काचेच्या इमारती त्यातच येतात. मूळ कायद्यात दिवसाला नऊ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, त्यापुढे दुप्पट दर, असं स्वच्छ लिहिलेलं होतं. ओव्हरटाइमही तीन महिन्यांत १२५ तासांच्या वर नव्हता. पळवाट आहे, तीही सांगतो. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसाला हे नियम लागू नाहीत. म्हणून तर आपल्याकडे दोन वर्षांच्या अनुभवाच्या पोराच्या कार्डावर 'असिस्टंट मॅनेजर' लिहितात. त्याच्या हाताखाली कोण असतं? एक लॅपटॉप. पदनाम हीसुद्धा एक सवलतच, फुकटात देता येते, आणि आई गावाकडे अभिमानाने सांगते की पोरगा मॅनेजर झाला.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी नवाचे दहा तास करायला मंजुरी दिली, ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ केली. तुमच्यापैकी किती जणांच्या ऑफिसात त्याची चर्चा झाली? आमच्याकडे त्या आठवड्यात नवीन कॉफी मशीनची चर्चा होती. काम कोणी मोजत नाही म्हणतात तेही खोटं. गळ्यातल्या कार्डावर आत कधी गेलो, बाहेर कधी आलो, सगळं सेकंदासकट नोंदलं जातं. आठ तास चाळीस मिनिटं भरली की एचआरची मेल येते. बारा तास भरले तर कोणाचीच येत नाही.

आता भाचीच्या ऑफरमधल्या एकेका सुविधेकडे येतो.

कॅन्टीन. शंभर किंवा जास्त कामगार असतील तिथे कॅन्टीन हवं, हे याच २०१७ च्या कायद्यात आहे. जेवण फुकट हवं असं नाही, तेवढा कंपनीचा मोठेपणा मान्य. पाळणाघर. पन्नास किंवा जास्त कामगार असतील तिथे हवं, आणि प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, त्यातही ते आलं. भाचीच्या कंपनीत साडेचारशे माणसं. फोटोत कुत्र्यासाठी कोपरा दिसतो, त्यात निळी गादी आणि पाण्याचं भांडं. पाळणाघर मला कुठे दिसलं नाही. मी तिला म्हटलं, विचार. ती म्हणाली, "मामा, मी आत्ता हे विचारलं तर त्यांना वाटेल हिचं लग्न ठरलंय." बघा, म्हणजे प्रश्न विचारण्याच्या आधीच उत्तर मिळालं की नाही संस्कृतीबद्दल?

कॅब. ताईला सगळ्यात जास्त भुरळ कॅबची पडली. 'रात्री दारापर्यंत सोडतात हो.' ताई, अगं, रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामाला ठेवायचं तर तिची संमती हवी, सुरक्षितता हवी आणि तिला घराच्या दारापर्यंत पोचवायला वाहन हवं, असं कायदाच म्हणतो. हे काही कोणी खूश होऊन दिलेलं बक्षीस नाही. नोव्हेंबर २००७ मध्ये याच पुण्यात रात्रपाळीला निघालेल्या बीपीओतल्या एका मुलीला कंपनीने ठरवलेल्या कॅबच्या ड्रायव्हरने आणि त्याच्या साथीदाराने कुठे नेलं आणि तिचं काय केलं, हे त्या वेळी आयटीत असलेला कोणीही विसरलेला नाही. त्यानंतर कॅबचे नियम कडक झाले, गार्ड आले. त्या कॅबची किंमत कोणीतरी भरलेली आहे. ती ऑफर लेटरमध्ये 'आमच्या आकर्षक सुविधा' या मथळ्याखाली कुत्र्याच्या शेजारी छापलेली बघून माझं डोकं फिरलं, खरं सांगतो.

अमर्याद रजा. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हा अनुभव माझा आहे.

कायद्याने मिळते ती अशी. वर्षात २४० दिवस भरले की कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. साठवता येते, पंचेचाळीस दिवसांपर्यंत. शिवाय आठ नैमित्तिक, आठ सणांच्या सुट्ट्या. म्हणजे ती मोजलेली आहे, आणि मोजलेली आहे म्हणूनच ती माझ्या नावावर आहे. माझ्या नावावर अठरा दिवस आहेत हे मी मॅनेजरला सांगू शकतो. आमच्याकडे २०१६ मध्ये टाऊनहॉल घेऊन जाहीर केलं की आजपासून रजा अमर्याद, आम्ही तुम्हाला मोठ्या माणसांसारखं वागवतो. उभं राहून टाळ्या. तीन आठवड्यांनी सगळ्यांच्या खात्यातली साठलेली रजा शून्य झालेली दिसली. माझे बावीस दिवस होते. विचारलं तर एचआरची मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, आता अनलिमिटेड आहे ना, मग बावीस कशाला हवेत?" तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. अमर्याद गोष्ट शिल्लक राहत नाही, आणि शिल्लक नाही तिचे पैसे नोकरी सोडताना मागता येत नाहीत.

त्याच वर्षी वडिलांचं ऑपरेशन निघालं, मिरजेला. मी दहा दिवस मागितले. नाही कोण म्हणणार, अमर्याद आहे! मॅनेजर म्हणाले, "घे ना, अवश्य घे, फॅमिली फर्स्ट. फक्त त्या क्लायंटचा कॉल तेवढा बघ." चौथ्या दिवशी मी हॉस्पिटलच्या जिन्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. आत आण्णांना शुद्ध येत होती आणि त्यांनी पहिल्यांदा मला हाक मारली, ती मी ऐकली नाही, कारण कानात हेडफोन होता. आईने सांगितलं नंतर. आण्णा बरे झाले, आणखी सहा वर्षं जगले, त्यामुळे यात रडण्यासारखं काही नाही. पण दहा दिवसांपैकी मी सहा दिवस काम केलं आणि अप्रेझलच्या वेळी ऐकलं की 'त्या तिमाहीत तुझी उपस्थिती जरा विस्कळीत होती.'

हे सगळं आलं कुठून? अमेरिकेतून. गूगलने १९९९ साली, कंपनी अगदी पोरसवदा असताना, चार्ली एअर्स नावाचा आचारी नोकरीला ठेवला आणि फुकट जेवणाची दंतकथा सुरू झाली. त्यामागचं गणित सरळ आहे. जेवायला बाहेर गेलेला माणूस तास-दीड तास येत नाही, इमारतीतच जेवला तर वीस मिनिटांत टेबलावर परततो, आणि जेवतानाही कामाचंच बोलतो. यात लबाडी आहे असं मी म्हणत नाही. गूगलने पगारही तसे दिले, शेअर विकून लोकांनी घरं घेतली. आपल्याकडच्या बऱ्याच कंपन्यांनी आचारी उचलला, पगार आणि शेअर तिकडेच ठेवले. आणि त्या गूगलनेसुद्धा जानेवारी २०२३ मध्ये बारा हजार लोक कमी केले. अमेरिकेतल्या अनेकांना पहाटे मेल आली आणि लॅपटॉप बंद झालेला दिसला. ज्यांना 'गूगलर' म्हणून कुटुंबातलं मानलं जात होतं त्यांचंच हे.

कुटुंब. या शब्दाची मला आता शिसारी बसली आहे. २०१७ च्या शेवटी आमच्या कुटुंबाला पुढचं फंडिंग मिळालं नाही. सगळ्यात आधी भेळ बंद झाली. मग रात्रीचं जेवण. नंतर टेबल टेनिसच्या खोलीत खुर्च्या टाकल्या. आम्ही हसत होतो, मीम करत होतो. जानेवारीत एका शुक्रवारी मला मीटिंग रूममध्ये बोलावून नऊ नावांची यादी आणि एक छापील कागद दिला. कागदावर मी काय बोलायचं ते लिहिलेलं होतं, शब्दन् शब्द. 'हा निर्णय तुमच्या कामगिरीवर आधारित नाही' इथून सुरुवात. प्रत्येकाला सात मिनिटं. 'सॉरी' म्हणायचं नाही, कारण वकिलांच्या मते त्याने अडचण होऊ शकते. मी नऊच्या नऊ जणांना तो कागद वाचून दाखवला. आठवी मुलगी बार्शीची होती. घरच्यांनी जमीन गहाण ठेवून शिकवलेली. तिने काहीही न बोलता पाण्याचा ग्लास संपवला, कार्ड टेबलावर ठेवलं आणि मलाच म्हणाली, "सर, तुम्ही जेवलात का?"

मी नाही म्हणायला हवं होतं, त्या कागदाला. नाही म्हटलं नाही, घराचे हप्ते होते. सहा महिन्यांनी दुसऱ्या यादीत मी होतो, आणि कागद वाचणारा माझ्याहून लहान होता, त्याचा हात थरथरत होता. म्हणून मी हे जे काही लिहितोय ते साधूसंताच्या आसनावरून नाही. मी त्या पिझ्झाचा लाभार्थीही होतो आणि वाटपवालाही.

त्याच ऑफिसात पॅन्ट्री सांभाळणाऱ्या एक मावशी होत्या. मुलाची बारावी, नवऱ्याचं पिणं, रोज सकाळी साडेसहाची बस. कंत्राटदाराच्या माणूस. साडेपाचशे लोकांचा फुकट नाश्ता लावायच्या आणि स्वतःचा डबा मागच्या जिन्यात बसून खायच्या. मी एकदा म्हटलं, मावशी, इथलंच घ्या ना, उरतंय एवढं. म्हणाल्या, "नको साहेब. कॅमेरा हाय. मागल्या महिन्यात एकीनं केळं खाल्लं तर पगारातून दंड कापला." उरलेलं अन्न रात्री काळ्या पिशवीत भरून खाली जायचं. कंपनीची संस्कृती बघायची असेल तर तो जिना बघा. भाचीला मी हेच सांगितलं, मुलाखतीला गेलीस की स्वच्छतागृहाबाहेरच्या ताईंशी दोन मिनिटं बोल, एचआरच्या अर्ध्या तासापेक्षा जास्त कळेल.

आता त्या चौदा लाखांचं. ऑफर लेटर मागवून घेतलं आणि पेन घेऊन बसलो, ताई समोर. दोन लाख ईसॉप, म्हणजे कंपनीचे शेअर, पुढे कधीतरी. दीड लाख 'व्हेरिएबल', कंपनी आणि ती, दोघांची कामगिरी चांगली झाली तर. एक लाख जॉइनिंग बोनस, वर्षाच्या आत सोडलं तर परत. कंपनीचा पीएफचा वाटा एकवीस हजार सहाशे. ग्रॅच्युइटी वीस हजार. विम्याचा हप्ता अठरा हजार. आणि, हे वाचून मी चष्मा पुसला, 'भोजन, प्रवास व वेलनेस' साठ हजार. म्हणजे ती फुकट पॅन्ट्री आणि ती कॅब तिच्याच चौदा लाखांत धरलेली! बेरीज केली तर पाच लाख सत्तर हजार. उरले आठ लाख तीस. हातात महिन्याला सदुसष्ट हजारांच्या आसपास. आत्ताच्या कंटाळवाण्या कंपनीत तिला एकसष्ट मिळतात, सहाला बस सुटते.

ग्रॅच्युइटीचं एक गंमतशीर आहे. कायमच्या नोकरीत ती पाच वर्षं भरल्याशिवाय हातात येत नाही, हे १९७२ च्या कायद्यापासून सगळ्यांना पाठ आहे. ज्या कंपनीचं स्वतःचं वय चार वर्षं आहे आणि जिथे माणूस सरासरी दीड-दोन वर्षंही टिकत नाही असं तिथलेच लोक खासगीत सांगतात, ती कंपनी पहिल्या दिवसापासून ग्रॅच्युइटी पगारात मोजून दाखवते. ईसॉपचंही तसंच. पहिलं वर्षभर काही नाही, मग चार वर्षांत थोडे थोडे. शेअर घेताना खिशातून पैसे भरायचे, वर त्या दिवशीच्या किमतीतल्या फरकावर पगारासारखा कर. विकायचे कुठे? कंपनी बाजारात नोंदलेली नाही. आणि नोकरी सोडलीत तर बहुतेक ठिकाणी ठरावीक दिवसांत घ्या नाहीतर गेले. बायजूजचं मूल्य २०२२ मध्ये बावीस अब्ज डॉलर धरत होते. जुलै २०२४ मध्ये तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्या कंपनीचे शेअर पगाराचा भाग म्हणून ज्यांनी मोजले, त्यांच्या घरी पेढे वाटून झालेले होते.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील की हा माणूस जळतोय. किंवा, वाढणाऱ्या कंपनीत शिकायला मिळतं ते सांगत नाही. सांगतो. मी त्या तीन वर्षांत जे शिकलो ते आधीच्या आठ वर्षांत शिकलो नव्हतो. चोवीस वर्षांची पोरं तिथे जे निर्णय घेत होती, ते मोठ्या कंपनीत चाळिशीतही कोणी घेऊ देत नाही. आई-वडिलांचा विमा त्या कंपनीने दिला होता, आण्णांचं बिल त्यातूनच गेलं, हे विसरलो तर मी कृतघ्न. मैत्री झाली, दोन लग्नं तिथे जुळली, दोन्ही टिकली. आठवड्याला सत्तर तास, नव्वद तास अशी भाषा करणारे बडे उद्योगपती आणि आमचे तेव्हाचे फाउंडर यांत फरकही होता, फाउंडर स्वतः रात्री दोनला आमच्याबरोबर बसायचा. पण त्याच्याकडे कंपनीचे चाळीस टक्के होते आणि माझ्याकडे शून्य पूर्णांक शून्य काहीतरी. तो आपल्या घराचं छप्पर शाकारत होता. मी भाडेकरू असून रात्रभर त्याच्या छपरावर चढलो होतो.

आणि दुसरा आक्षेप, हा आमच्या चिंचवडच्या कट्ट्यावर हमखास येतो. 'एसीत बसता, लाखात कमावता, तुमच्यामुळे वाकडला फ्लॅट घेता येत नाही, आणि वर रडता.' फ्लॅटचं खरं आहे, मान खाली घालतो. पण जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या सल्लागार कंपनीत सव्वीस वर्षांची सीए मुलगी गेली, नोकरीला लागून चार महिने झाले होते. कामाच्या ताणाने गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून सांगितलं. कंपनीने ते मान्य केलं नाही. ते काय असेल ते असो. नंतर कामगार खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले तेव्हा कळलं की दुकाने अधिनियमाखाली त्या कार्यालयाची नोंदणीच नव्हती. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे शॉप ॲक्टचं लायसन फ्रेम करून भिंतीवर असतं हो. एसीने माणूस वाचत नाही.

कायदा आहे आणि खातंही आहे, तरी कोणी तक्रार करत नाही, कारण तक्रार करणाऱ्याला पुढची नोकरी द्यायला फोन करून जुन्या मॅनेजरलाच विचारतात. पुण्यात नाइट्स नावाची आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, कपातीच्या आणि लटकवलेल्या जॉइनिंगच्या तक्रारी ती कामगार खात्याकडे नेते. तिचं नाव घेतलं की आपल्याच लोकांच्या चेहऱ्यावर 'युनियन? आपण?' असा भाव येतो. भोसरीच्या माझ्या मित्राच्या खिशात ती स्लिप कुठून आली, हा प्रश्न त्यांना पडत नाही. ती त्याच्या साहेबाने पिझ्झाबरोबर दिलेली नव्हती.

तर भाचीचं. तिच्याशी बोलून आम्ही चार प्रश्न काढले आणि तिने ते बुधवारी एचआरला मेल केले. आठवड्याचे तास किती आणि त्याच्या वर थांबलं तर काय मिळतं? रजा मोजलेली आहे का, आणि सोडताना तिचे पैसे मिळतात का? नोटीस पिरिअड माझ्यासाठी नव्वद दिवस आहे, तुम्ही मला काढलंत तर तुमच्यासाठी किती? पाळणाघर कुठे आहे? (शेवटचा तिने आधी खोडला होता, मग रात्री स्वतःच परत घातला.) ताई घाबरली होती, "ऑफर काढून घेतली म्हणजे?"

शुक्रवारी उत्तर आलं. पहिल्या तिन्ही प्रश्नांना मिळून एकच ओळ, की आमच्याकडे परस्पर विश्वासाची संस्कृती आहे, रुजू झाल्यावर सगळं समजावून सांगू. पाळणाघराबद्दल काही नाही. खाली कुत्र्यांच्या शुक्रवारचा फोटो जोडलेला. आणि सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत होकार कळवा.

भाची अजून ठरवतेय. मी तिला काही सांगणार नाही, सदुसष्ट आणि एकसष्टमधला फरक तिचा आहे, आयुष्यही तिचंच. तिने फक्त उलट मेल केली आहे की ती ओळ ऑफर लेटरमध्ये लिहून द्या.